तिसरा भाग, पान २१४

शाळेतून आलेलं पत्र तीन ओळींचं होतं. ग्रंथालयातली काही पुस्तकं ठेवावीत की काढून टाकावीत हे ठरवायला एक समिती नेमली आहे. आपण शाळेच्या माजी विद्यार्थिनी, शिवाय विज्ञान शाखेच्या. तरी यावे. सोबत यादी होती. यादीत पाच पुस्तकं होती आणि ती पाचही एकाच मालिकेतली.

मी चाळीस ओलांडून सात वर्षं झाली. शहराला पाणी पुरवणाऱ्या खात्याच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुने येतात, तपासायचे, आकडा लिहायचा, सही करायची. लोक मला शांत समजतात. पत्र मी उभ्याउभ्या तीनदा वाचलं हे आईच्याही लक्षात आलं नाही, म्हणजे तसा मी चेहरा बरा ठेवला असणार.

ती पाच पुस्तकं मी तेरा ते पंधरा या वयात नऊ वेळा वाचली होती. दीपगृहवाल्याची मुलगी ही त्यांची नायिका. बाप आजारी पडतो, दिव्याची वही ती सांभाळू लागते. रोज रात्री आकाशात काय दिसलं, समुद्रात काय दिसलं, ते त्या वहीत लिहायचं. एका रात्री एक तारा विझतो. ती लिहिते, विझला. राजाला ते चालत नाही, कारण तो तारा म्हणजे त्याच्या घराण्याची खूण. तिला दरबारात बोलावतात आणि सांगतात, नोंद खोड. तिथून पुढे ड्रॅगन, बोलणारी जहाजं, बर्फातलं युद्ध, सगळं आहे. पण माझ्यासाठी पुस्तक दरबारातच घडत होतं.

यादीला आणखी एक कागद टाचला होता. त्यावर आक्षेप: 'मुलींना उलट उत्तरं द्यायला शिकवणारा व अशास्त्रीय मजकूर. नमुन्यादाखल तिसरा भाग, पान २१४.' आणि खाली कारकुनानं टंकलेला उतारा:

'मी पाहिलं ते लिहिलं. मी खोडणार नाही. खोडायचं असेल तर तुम्ही खोडा. एकच रेघ मारा, खालचं वाचता येईल अशी. आणि बाजूला तुमची सही करा.'

मला तो उतारा वाचायची गरज नव्हती. तो पाठ होता.

"कसलं पत्र गं?" आईनं विचारलं.

"शाळेचं. ती दीपगृहाची पुस्तकं काढून टाकायची म्हणतायत."

"अगंबाई. ती अजून आहेत?" आईनं चष्मा वर सरकवला. "तुझ्या बरोबरीच्या बायका सासवा झाल्या, आणि तू ड्रॅगन सोडवायला निघालीस."

"मला मत विचारलंय."

"विचारलंय म्हणजे तू हो म्हणावंस म्हणून विचारलंय. एवढं कळत नाही का तुला?"

कळत होतं. विज्ञान शाखेच्या बाईनं 'अशास्त्रीय' म्हणून सही केली की काम झालं. पण मत द्यायचं तर आधी तपासणी, ही माझी सवय. माझ्याकडे त्या पाच भागांचा संच होता. तीन वर्षांपूर्वी जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाला तेव्हा आणला होता, आणि तेव्हापासून कपाटात उलटा लावून ठेवला होता. उघडायची भीती वाटत होती. इतकी वर्षं जे पुस्तक मनात जपलं ते आता भिकार निघालं तर काय करायचं, हे मला ठरवता आलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी ती पुस्तकं वाचली. सकाळी चहाबरोबर, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये उभ्यानं. वहीत दोन रकाने केले. डावीकडे चुका, उजवीकडे काही नाही, तो रकाना नंतर भरायचा म्हणून मोकळा.

डावा रकाना भराभर भरला. पहिल्या भागात नऊ दिवसांत दोनदा पौर्णिमा येते. जहाज एका रात्रीत जे अंतर कापतं त्याला चार दिवस लागतील. दीपगृहाच्या पायऱ्या पान बारावर दोनशे दहा, पान नव्वदवर एकशे ऐंशी. बर्फात भिजलेली बंदुकीची दारू पेटते. तिसऱ्या भागाच्या शेवटी नायिकेचा घोडा मरतो, सगळे रडतात, आणि चौथ्या भागात तिसऱ्याच पानावर तो तबेल्यात गवत खात उभा आहे. एकूण सतरा चुका. शिवाय जादूगार फार बोलतो. लहानपणी हे मला कसं जाणवलं नव्हतं कोण जाणे. तो पानंच्या पानं बोलतो आणि त्यातल्या निम्म्याला शेंडा ना बुडखा.

तरीही मी एकदा बस चुकवली आणि एकदा कामाला वीस मिनिटं उशिरा पोचले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. वादळात ती मुलगी दिव्याच्या काचा पुसायला बाहेर कठड्यावर येते तेव्हा माझी बोटं चौदाव्या वर्षी दुखली होती तशीच आता दुखली. हे उजव्या रकान्यात कसं लिहायचं ते मला कळेना, म्हणून मी सरळ लिहिलं: 'बोटं दुखली. दोन्ही वेळा.'

तिसरा भाग मी रविवारी दुपारी उघडला. पान दोनशे चौदा आलं.

पान दोनशे चौदावर ती मुलगी गुडघे टेकते. राजा वही पुढे करतो, ती रडत रडत नोंद खोडते, शाई सगळ्या पानावर पसरते. मग दहा पानं जादूगार बोलतो, की सत्य वहीत नसतं, हृदयात असतं. राजा तिला माफ करतो आणि ती आभार मानते.

मी पुढची पानं पाहिली, मागची पाहिली. छापल्याचं वर्ष पाहिलं. पहिलीच आवृत्ती. पुस्तक मिटलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अकरा वर्षांपूर्वी एका वस्तीच्या पाण्याच्या नमुन्यात जंतू सापडले होते. आकडा मी लिहिला. त्या वेळचे साहेब माझ्या टेबलाशी आले, आवाज अगदी मऊ. "जरा परत बघा ना. सुट्ट्या तोंडावर आल्यात. उगाच बोभाटा होईल. खोडून दुसरा घाला." मी म्हटलं, "साहेब, मी खोडणार नाही. तुम्ही खोडा. एक रेघ मारा, बाजूला सही करा, तारीख घाला." आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते उचललं नाही. वस्तीचं पाणी चार दिवस बंद राहिलं. माझी बढती पाच वर्षं अडली. त्या सगळ्या काळात मी स्वतःला सांगत आले होते की हे धैर्य माझं नाही, उसनं आहे. दीपगृहवाल्याच्या मुलीचं आहे.

आणि ती तर गुडघे टेकून बसली होती.

"काय झालं?" आईनं विचारलं. "घोडा मेला का?"

"घोडा अजून शंभर पानांनी मरतो," मी म्हटलं. "आई, दरबारात ती नोंद खोडते, हे तुला आठवतं? मी तुला वाचून दाखवायचे ना."

"मी भाजी चिरत ऐकायचे. पण नाही बाई, खोडत कुठे होती? उलट राजाला चांगलं सुनावते. तू तर ते पलंगावर उभी राहून वाचायचीस."

मंगळवारी अर्धी रजा टाकून मी शाळेत गेले.

ग्रंथालय होतं तिथेच होतं, फक्त खिडक्यांना जाळी आली होती. ग्रंथपालबाईही त्याच होत्या. आम्ही त्यांना गप्पबाई म्हणायचो, कारण त्या दर पाच मिनिटांनी 'गप्प' म्हणायच्या. तेव्हा त्या नुकत्या लागल्या होत्या, आता वर्षभरात निवृत्त होणार.

"आलीस?" त्या म्हणाल्या. जणू मी मधल्या सुट्टीत बाहेर गेले होते. "मला वाटलंच, येशील. हात धुतलेस का?"

"धुतले."

त्यांनी तिसरा भाग काउंटरखालून काढला. कापडी पुठ्ठ्याची नवी बांधणी होती, पण कडा पुन्हा झिजल्या होत्या. मी दोनशेच्या आसपास उघडलं. एकशे त्र्याण्णव ते दोनशे आठ ही पानं दोनदा बांधलेली होती, लागोपाठ. छापखान्यातल्या बांधणाराची चूक: सोळा पानांची एक घडी दोनदा घातली आणि पुढची राहून गेली. आणि जी राहून गेली तिच्या जागी आलेखवहीचे आठ कागद होते, फिकट हिरव्या चौकटींचे, नीट कापून शिवलेले. दोन्ही बाजूंना निळ्या शाईत लिहिलेलं. प्रत्येक पानावर क्रमांक घातलेला, दोनशे नऊपासून दोनशे चोवीसपर्यंत. अक्षर माझं होतं.

कागद चिकटवल्याचं मला आठवत होतं. खरंच आठवत होतं. डिंकाची बाटली, पट्टी, सगळं. पण माझी पक्की समजूत होती की गहाळ पानं मी कुणाच्या तरी प्रतीवरून उतरवून काढली.

"कुणाच्या प्रतीवरून?" गप्पबाई म्हणाल्या. "शाळेत एकच प्रत होती. तू आठवडाभर त्या कोपऱ्यात बसून लिहीत होतीस. मी विचारलं, काय गं करतेस, तर म्हणालीस, पुस्तकाची दुरुस्ती."

"आणि तुम्ही करू दिलीत?"

"छान चाललं होतं तुझं. गोंगाट नव्हता." त्यांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं आणि मागचं पान उघडलं. "दोनदा बांधायला दिलं. दोन्ही वेळा बांधणारा म्हणाला, ही वहीची पानं काढून टाकू का? म्हटलं, हात लावून बघ."

मागच्या पानावर तारखांच्या शिक्क्यांचे कागद एकावर एक चिकटवले होते. मी त्यांच्या कडा उचलून मोजले. तेहतीस वर्षांत दोनशे एकोणचाळीस मुलींनी हे पुस्तक घरी नेलं होतं. दोनशे एकोणचाळीस घरांत ती मुलगी उभीच राहिली होती.

समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या, वेगवेगळ्या हातांच्या. 'मी पण.' 'हे अक्षर कोणाचं?' 'घोडा चौथ्या भागात जिवंत आहे रडू नका.' आणि पान दोनशे चौदावर, माझ्या त्या वाक्याशेजारी, अगदी बारीक, ताजं: 'पण तारीख? सहीबरोबर तारीख पण हवी. नियम ३ पाहा.'

"नियम तीन?" मी म्हटलं.

गप्पबाईंनी समोरच्या मांडणीतून शाळेची प्रयोगवही काढून दिली. सध्याची, कोरी. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला सूचना छापलेल्या होत्या. माझ्या वेळीही त्याच होत्या, तोच टाइप. 'नियम ३. नोंद रबराने पुसू नये. चूक झाल्यास मूळ नोंद वाचता येईल अशी एकच रेघ मारावी व बाजूला सही व तारीख घालावी.'

उसनं धैर्य नव्हतं ते. पण माझं असं म्हणावं तर तेही पूर्ण खरं नव्हतं. पुस्तकात मजकूर कमी पडला म्हणून मी प्रयोगवहीतला नियम घातला होता. आणि चौदाव्या वर्षी तारीख विसरले होते.

"ही पेन्सिल कुणाची?" मी विचारलं.

"जिच्यामुळे हे सगळं चाललंय तिची," गप्पबाई म्हणाल्या. "आता गप्प. तास सुरू आहे."

बैठक गुरुवारी होती, मोठ्या बाईंच्या खोलीत. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. दुसऱ्या खुर्चीवर पालक प्रतिनिधी, त्या दंतवैद्य. तिसऱ्यावर गप्पबाई. टेबलावर ठरावांचं रजिस्टर उघडं होतं. ठराव आधीच लिहून ठेवलेला: 'सदर पाच पुस्तके अशास्त्रीय व अयोग्य मजकुरामुळे काढून टाकण्यात यावीत.' खाली चार सह्यांच्या जागा.

"तुम्ही वेळात वेळ काढून आलात," मोठ्या बाई म्हणाल्या. "फार वेळ नाही घेणार. डॉक्टरांनी अडचण मांडली आहे, तुमचं शास्त्रीय मत झालं की सह्या करू."

"अडचण काय आहे, नेमकी?" मी विचारलं.

दंतवैद्यबाई थकलेल्या दिसत होत्या. "माझी मुलगी," त्या म्हणाल्या. "आठवीत आहे. कधी कुणाला वर तोंड करून बोलली नव्हती. गेल्या महिन्यात प्रयोगाच्या तासाला लंबकाचा प्रयोग होता. त्यातून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा, तिचा नऊ पूर्णांक एक आला. सर म्हणाले, खोड आणि नऊ पूर्णांक आठ लिही, सगळ्यांचं तेच आहे. तर ही सगळ्या वर्गासमोर म्हणते, मी पाहिलं ते लिहिलं, खोडायचं तर तुम्ही खोडा आणि सही करा. सरांनी तिला तासाबाहेर काढलं. घरी विचारलं, कुठे शिकलीस हे? म्हणाली, तिसरा भाग, पान दोनशे चौदा. अशा मुलीचं पुढे काय होतं हे मला माहीत नाही का? मी रोज लोकांची तोंडं बघते. दात आवळून जगणारेही येतात आणि बोलून तोंड फोडून घेणारेही."

"लांबी कुठपर्यंत मोजली होती तिनं?"

"काय?"

"लंबकाची दोरी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते. तिनं हुकापर्यंतच मोजली असणार, म्हणजे कमी. मग उत्तर नऊ पूर्णांक एकच्या आसपास येतं. आकडा खोडला असता तर चूक कधीच सापडली नसती."

मोठ्या बाईंनी घसा खाकरला. "तो विषय वेगळा. आपण पुस्तकांविषयी बोलतोय. मजकूर अशास्त्रीय आहे, यावर तर दुमत नाही ना?"

"नाही," मी म्हटलं आणि वही उघडली. "सतरा चुका आहेत. नऊ दिवसांत दोन पौर्णिमा. मेलेला घोडा गवत खातो. जादूगार कंटाळवाणा आहे."

"झालं तर मग," त्या म्हणाल्या आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

"आणि पुस्तकं चांगली आहेत. माझं मत, ठेवावीत."

"लहानपणी आवडलेलं सगळंच चांगलं वाटतं हो," मोठ्या बाई समजुतीनं म्हणाल्या. "आठवणी असतात एकेकाच्या."

"मी आठवणीतून बोलत नाहीये. गेल्या आठवड्यात वाचलीत, सत्तेचाळिसाव्या वर्षी. बस चुकली माझी." मी ग्रंथालयातला तिसरा भाग टेबलावर ठेवला, पान दोनशे चौदा उघडून. "आणि ज्या मजकुरावर आक्षेप आहे तो या पुस्तकाचा नाही. पुस्तकातली मुलगी नोंद खोडते आणि आभार मानते. हे मी लिहिलंय. आठवीत असताना, इथे, त्या कोपऱ्यात. तेव्हा पुस्तकांवर ठपका ठेवायचा असेल तर तो चुकीच्या ठिकाणी बसतोय."

दंतवैद्यबाईंनी पुस्तक स्वतःकडे वळवलं. त्यांनी फक्त टंकलेला उतारा पाहिला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"तुम्ही ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहिलंत?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"हो. त्याचा दंड भरायला तयार आहे."

"आणि तुम्हाला माहीत होतं?" हे गप्पबाईंना.

"तेहतीस वर्षं," गप्पबाई म्हणाल्या. "कुणी विचारलं नाही."

"मग ही पानं तरी काढू. म्हणजे प्रश्नच मिटला."

मी पिशवीतून प्रयोगवही काढली आणि नियम तीनवर बोट ठेवलं. "मोठ्या बाई, तुमची शाळा दर वर्षी हे छापते. मी इथूनच उचललं. त्या मुलीनंही सरांना शाळेचाच नियम सांगितला. पानं काढता येणार नाहीत. खोडता येतील. एक रेघ मारा, वाचता येईल अशी. बाजूला सही आणि तारीख." मी पेन पानावर ठेवलं. "जिला खोडायचंय तिनं."

पेन तिथेच पडून राहिलं. मोठ्या बाईंनी नियम दोनदा वाचला, मग प्रयोगवहीच्या पुठ्ठ्यावरचं शाळेचं बोधचिन्ह पाहिलं, जणू ते दुसऱ्या शाळेचं निघेल.

दंतवैद्यबाई अजून वाचत होत्या. पान उलटलं, परत आल्या. समासातल्या पेन्सिलीवर त्यांचं बोट थांबलं.

"हे तिचं अक्षर," त्या म्हणाल्या.

"हो. माझी चूक काढलीय तिनं. तेहतीस वर्षांत कुणाच्या लक्षात आली नव्हती."

"घरीही असंच करते. माझ्या औषधांच्या चिठ्ठ्या तपासते." त्यांनी ओठ दाबले, हसू की काय ते कळलं नाही. "तुमचं काय झालं? असं बोलायचात तेव्हा?"

"बढती पाच वर्षं अडली," मी म्हटलं. खोटं सांगण्यात अर्थ नव्हता. "आणि एका वस्तीतली माणसं आजारी पडली नाहीत."

त्यांनी पेन उचललं. त्यांनी ते पेन टोपण लावून मला परत दिलं.

"मी सही करणार नाही," त्या मोठ्या बाईंना म्हणाल्या. "कशावरच. सरांशी मात्र मला बोलायचंय, लंबकाबद्दल. आणि हे पुस्तक मला घरी न्यायचंय."

"पालकांना पुस्तक मिळत नाही," गप्पबाई म्हणाल्या. "मुलीच्या नावावर न्या. सात दिवस. उशीर झाला तर तिला बोलणी बसतील."

मी रजिस्टर जवळ ओढलं. ठरावावर एक रेघ मारली, सरळ, खालचं वाचता येईल अशी. बाजूला सही केली, तारीख घातली. मोठ्या बाई बघत राहिल्या. "हे रजिस्टर कायमचं असतं," त्या हळूच म्हणाल्या.

"माहीत आहे. म्हणून तर."

मग पुस्तक दंतवैद्यबाईंच्या हातात जाण्याआधी मी ते दोन मिनिटं मागून घेतलं. पान दोनशे चौदावर 'सही करा'च्या पुढे लिहिलं: 'आणि तारीख घाला.' शेजारी माझी सही, आजची तारीख. तिच्या पेन्सिलीखाली लिहिलं, 'मान्य.'

घरी आले तेव्हा आई चौथा भाग घेऊन बसली होती, चष्मा नाकाच्या टोकावर.

"अगं, हा घोडा मेला होता ना?" ती म्हणाली.

"हो."

"मग हा गवत कसा खातोय?"

"खाऊ दे," मी म्हटलं आणि पाचवा भाग उघडला.